एनिडबाईंच्या स्वतःच्या गोळ्या

आमच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणजे देव, आणि काउंटरवरची मी म्हणजे देवळाच्या दारात अडवणारी कजाग बाई. इंग्लंडातल्या डर्बीशायरमधल्या या डोंगरउतारावरच्या गावात माझी निम्मी हयात गेली, पण लोकांचं हे मत काही बदललं नाही. मला तोंडावर 'कजाग' म्हणण्याची हिंमत मात्र एकट्या एनिड रॅगबाईंची.

दर मंगळवारी सकाळी त्या चॅपल लेनमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन हजर. नेहमीच्या गोळ्यांची ही चिठ्ठी. हव्या त्या गोळ्यांपुढे खूण करायची आणि आमच्या पेटीत टाकायची, की दोन दिवसांनी केमिस्टकडे पिशवी तयार. एनिडबाई पेटीत टाकत नसत. माझ्यापुढे एकेक चिठ्ठी ठेवून भांडत.

"आयव्हीच्या सांधेदुखीच्या गोळ्या मागच्या खेपेला कमी आल्या. ती काय अर्धाच गुडघा वापरते?"

"केमिस्टकडे माल नव्हता, एनिड."

"मग त्याला फोन कर. खुर्ची गरम करायला बसलीयेस का, पोरी?"

मी मुकाट्याने फोन करायची. करणार काय? जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो पोरांना रांगेत उभं करून जेवू घातलेली बाई ती. गावातला निम्मा पुरुषवर्ग अजून त्यांच्यासमोर खिशातून हात बाहेर काढतो.

नवरा आजारी होता तेव्हा त्या त्याच्या गोळ्या न्यायला येत. तो गेला, पण पायांना लागलेली सवय सुटली नाही, म्हणून शेजारच्यांच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. त्या शेजाऱ्यांत सगळ्यात अवघड हॉरेस. दगडाच्या खाणीत काम केलेला, कानाने जरा बहिरा आणि स्वभावाने त्याहून बहिरा. गोळ्या घ्यायच्या आणि ड्रॉवरमध्ये टाकायच्या, ही त्याची पद्धत. एनिडबाईंनी ती मोडून काढली. पिशवी घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात जायच्या आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून तशाच उभ्या राहायच्या.

"कोट काढणार नाही मी. आधी घे."

त्याने गोळी गिळली की मग कोट निघायचा, किटली चढायची आणि दोघं चहा पीत एकमेकांना टोमणे मारत बसायची.

वसंतात माझ्या लक्षात आलं, की गठ्ठ्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या असतात, पण एनिडबाईंची स्वतःची नसते. कॉम्प्युटरवर पाहिलं. नाताळच्या आधीपासून त्यांनी प्रेशरच्या गोळ्या मागितल्याच नव्हत्या. शेवटच्या चिठ्ठीवर छापलं होतं, 'पुढच्या गोळ्यांआधी डॉक्टरांना भेटा.'

तिथेच घोडं अडलं होतं. या गावच्या म्हाताऱ्यांना एकच खरा रोग आहे, कुणाला त्रास द्यायचा नाही. हाड मोडलं तरी "जरासं दुखतंय" म्हणतील.

"एनिड, तुमच्या गोळ्या?"

"आहेत गं."

"कुठून असतील? डॉक्टरांची वेळ देते, या शुक्रवारी."

"मला? धडधाकट बाईला? खऱ्या आजारी माणसांना दे ती. उगाच कशाला त्यांना त्रास."

मी चिडले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! याच प्रेशरने त्यांच्या आईला भांडी घासताघासता अर्धांगाचा झटका आला होता, आणि नंतर मरेपर्यंत ती माउली एक शब्द बोलली नाही. हे मला त्यांनीच सांगितलेलं. पण चिडून उपयोग काय? चिठ्ठ्या ठेवून बाई चालत्या झाल्या.

दोन दिवसांनी हॉरेसचा फोन आला. हा माणूस फोनला हात लावत नाही, आणि लावला की ओरडतो.

"ती चढावर भिंत धरून चालते!"

"हॉरेस, दुसऱ्या पेशंटबद्दल मला काही सांगता येत नाही."

"मी विचारतोय कुठे? मी सांगतोय! डॉक्टरची वेळ दे. मी म्हणेन माझी छाती दुखतेय, ती ओढत घेऊन येईल मला."

"वेळ कुणाच्या नावावर लिहू?"

"तू काय बिनडोक आहेस?" म्हणाला आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दोघं आली. एनिडबाईंनी चर्चला जायचा कोट घातला होता आणि हॉरेसचा दंड घट्ट धरला होता. चेहरा त्यांचाच पांढरा.

"याच्या छातीत कळा येतायत आणि तू बसायला सांगतेस, कजाग कुठली!"

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दार उघडून हाक मारली, "एनिड रॅग?"

"चूक झाली, डॉक्टर. पेशंट हा आहे."

हॉरेस हाताची घडी घालून खुर्चीत आणखी रुतून बसला. "मला काही झालेलं नाही. वेळ तुझी आहे. आता वाया घालवू नकोस."

सगळी बाकं वळून पाहायला लागली. चारचौघांत तमाशा करणं आणि डॉक्टरची वेळ फुकट घालवणं, या दोन पापांपेक्षा मोठं पाप एनिडबाईंना ठाऊक नव्हतं. त्या लालबुंद झाल्या आणि आत गेल्या.

बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा आवाज खाली गेला होता. "गोळ्या पुरवून पुरवून घेत होते गं," त्या मला म्हणाल्या. "एक दिवसाआड. मग संपल्या. डॉक्टर म्हणते, आणखी थोडे दिवस गेले असते तर आईसारखं..." मी उठून काउंटरच्या बाहेर गेले आणि त्यांचा हात हातात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

गोळ्या सुरू होऊन प्रेशर उतरेपर्यंत चढ चढायचा नाही, असा हुकूम झाला. त्या संध्याकाळी मी घरी निघाले, तर हॉरेस केमिस्टने लगेच भरून दिलेली एनिडबाईंची पिशवी घेऊन काठी टेकत चॅपल लेन चढत होता. पिशवी मागितली, तर माझ्यावर गुरगुरला. मी त्याच्या मागोमाग गेले.

एनिडबाईंनी दार उघडलं. "तू कशाला आलास एवढ्या चढावर? उगाच त्रास. ठेव टेबलावर, मी घेईन नंतर. कोट काढ, चहा टाकते."

हॉरेसने नळाखाली ग्लास भरला, गोळीशेजारी ठेवला आणि बटणं गळ्यापर्यंत लावून उभा राहिला.

"कोट काढणार नाही मी. आधी घे."

एनिडबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून गोळी तोंडात टाकली आणि ग्लास रिकामा केला.

हॉरेसने वरचं बटण सोडलं.