मामांचा न तुटणारा नंबर

आमच्या हिच्या मामांइतका टेलिफोनवर जीव टाकणारा आणि टेलिफोनवर अजिबात न बोलणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा सापडायचा नाही. फोन वाजला की ते मामींना हाक मारत. त्यांचा जीव होता तो नंबरावर. सहा आकडी, आणि मूळ संख्या! म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली, तर कशानंच भाग जात नाही. उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपच्या लोखंडी दारावर खडूनं भागाकार करकरून मामांनी ते सिद्ध केलं होतं, आणि तेव्हापासून नंबर सांगताना त्यांचा हात आपोआप मिशीवर जाई. "कुणाच्या बापाला तुटायचा न्हाय!"

दुसऱ्याचा नंबर कळला की तो फोडल्याशिवाय मात्र त्यांना घास गिळवत नसे. एका साखरपुड्यात उचगावचे एक पाहुणे छाती फुगवून सांगत होते, की आपला नंबर लक्षात ठेवायला किती सोपा, तेच तीन आकडे लागोपाठ दोनदा! मामा पंगतीतूनच गरजले, "पावणं, असला कुठला बी नंबर सातनं तुटतोय, अकरानं तुटतोय, तेरानं बी तुटतोय. तडा गेल्याली कपबशी हाय ती!" पाहुण्यांनी जिलबी पानातच ठेवली.

आणि मग कोल्हापूरचे सगळे नंबर सात आकडी झाले. प्रत्येक जुन्या नंबराच्या सुरुवातीला दोनचा आकडा येऊन बसला. मामा हादरलेच. चारचौघांत पण करून बसले, की नवा नंबर तुटला तर फोन परत! मामींची एकुलती लेक नागपूरला दिलेली, दर रविवारी तिचा फोन यायचा. तेवढाच काय तो तिचा आवाज. पण मामांना कोण काय डोंबल सांगणार? कॅल्क्युलेटर म्हणजे त्यांच्या लेखी कॉपी. खडू घेऊन ते दारापाशी उभे राहिले. नंबराचं वर्गमूळ सोळाशेच्या आसपास, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या एकेक करून लावून बघायच्या होत्या. गिऱ्हाईक आलं तरी "थांबा, हातचा हाय" म्हणून बाहेर उभं. मामी जेवणाचा डबा घेऊन यायच्या आणि दाराकडं बघत बसायच्या. हजार ओलांडला, तेराशे ओलांडले, तशी मामींच्या तोंडावर जरा कळा आली. मीही उगाचच रोज चक्कर टाकू लागलो.

चौदाशे सत्त्याऐंशीला बाकी शून्य आली. मामा मटकन स्टुलावर बसले.

"तुटला गं."

मामी दाराकडं बघत राहिल्या. "किती तुकडं झालं?"

"दोन."

"आन् त्येंचं आणखी हुत्यात का?"

"न्हाय. दोन्ही बी मूळच."

"मग आपल्या दोघांगत हाय की! तुमी कुणाचं ऐकायचा न्हाय, मी बी न्हाय. तरी नांदतोय न्हवं एका घरात? फोन कशापायी परत करायचा?"

मामा असे खदखदून हसले, की शेजारचा लेथवालाही डोकावून गेला. त्या रविवारी लेकीचा फोन त्यांनी स्वतः उचलला आणि सगळा भागाकार तिला पहिल्यापासून ऐकवला. मामी आपल्या पाळीची वाट बघत, पदराला हात पुसत शेजारी उभ्या.

पुढं मामी गेल्या. तोवर घरोघर मोबाईल आले होते, लेकही मोबाईलवरच बोलायची. जुना फोन वाजेनासाच झाला. एकदा मी म्हणालो, "मामा, आता देऊन टाका की परत. कुणाचा येतोय त्यावर?"

मामांनी फोनवरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसली.

"कसा देऊ, जावईबापू? त्यातला एक तुकडा तिचा हाय."