गोल झालेला बोल्ट

गॅरेजात सगळे त्याला ‘तेरा नंबर’ म्हणायचे. तरुणपणी एकदा पैज लावून, डोळ्यांवर फडकं बांधून त्याने पेटीतला एकेक पाना नुसत्या बोटांनी ओळखून दाखवला होता, आणि पहिला उचलला तो तेरा नंबरचा. आता साठी उलटली होती, गॅरेज मुलगी चालवत होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्या बोटांनी दगा दिला होता. डॉक्टर म्हणाले, नसा दमल्यात. सकाळी शर्टाची बटणं बायको लावून द्यायची आणि गप्प राहायची. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला कळलं असतं, तर तिने त्याला फोन घ्यायला काचेच्या खोलीतल्या खुर्चीवर बसवलं असतं, प्रेमानेच बसवलं असतं, आणि त्याला त्या खुर्चीची मरणाची धास्ती होती.

त्या दुपारी लिफ्टवर एक जुनी गाडी होती. सायलेन्सरच्या जोडावरचे दोन बोल्ट काढायचे, एवढंच काम. पहिला मुकाट्याने आला. दुसऱ्यावर पान्याचा सॉकेट नीट बसला की नाही, हे बोटांना कळायला हवं होतं. ते कळलं नाही. त्याने अंगातला सगळा जोर लावून हिसका दिला, कर्रकन आवाज झाला आणि बोल्टचे सहाही कोपरे झिजून डोकं सुपारीसारखं गुळगुळीत झालं.

“गोल केलात?” मुलगी शेजारच्या गाडीखालून म्हणाली. “तुम्ही?”

“गंजलेला होता.”

“सरका, मी काढते.”

“नियम कोणी केला होता?” तो गुरकावला.

नियम त्यानेच केला होता. या गॅरेजात ज्याने बोल्ट गोल केला, त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. या नियमापायी त्याने भल्याभल्यांना रडवलं होतं. मुलीलाही, ती नवीन असताना, एका बोल्टपायी दिवसभर ताटकळत ठेवलं होतं. आता माघार घ्यायची तर कुठल्या तोंडाने?

त्याने तेल मारलं, वाट पाहिली. एक नंबर लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवला. तो फिरला आणि निसटला. मग दातेरी पक्कड लावली, तीही घसरली. मान अवघडली, डोळ्यांत गंजाचा भुगा गेला. आयुष्यभर हेच, वर बघायचं आणि अंगावर कचरा घ्यायचा. त्याला एकाएकी इतका कंटाळा आला, की तिथेच फरशीवर आडवं व्हावंसं वाटलं. पण खुर्ची डोळ्यांसमोर आली आणि तो पुन्हा बोल्टकडे वळला.

शेवटचा उपाय वेल्डिंगचा. त्या गोल डोक्यावर एक नवा नट जोडायचा आणि पाना त्या नटाला लावायचा. वेल्डिंगआधी सोडावी लागते म्हणून मुलीने गाडीच्या बॅटरीची वायर सोडली. त्याने तोंडावर मुखवटा ओढला, नट धरला, ठिणग्या उडाल्या. नट बरोबर मधोमध बसला. डोळे अजून शाबूत होते म्हणायचे.

हातमोज्यातून पाना धरता येईना, म्हणून मोजा काढून त्याने बाजूला भिरकावला. पाना लावला. बोल्ट कुरकुरला, जरासा हलला, मग अर्धा फेरा, मग पुरा. आटे सैल झाले तसा त्याने पाना खिशात टाकला आणि उरलेले फेरे जुन्या सवयीने चिमटीत धरून फिरवले. बोल्ट हातात आला. किती दिवसांनी त्याला असं बरं वाटलं होतं!

“हा बघ!” त्याने तो उंच धरून दाखवला.

मुलगी हसत वळली. मग तिला कातडी जळल्याचा वास आला.

“बाबा, टाका तो! बाबा!”

काय झालं ते त्याला कळेना. तिने धावत येऊन त्याच्या हातावर फटका मारला. वेल्डिंगने तापलेला बोल्ट फरशीवर पडला. अंगठ्याची आणि बोटाची कातडी पांढरी पडून सोलली होती. तिने त्याला ओढत नळाखाली नेलं, तोटी पूर्ण सोडली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

“पाणी गार लागतंय ना?” तिने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“कळत नाही गं पोरी,” तो म्हणाला.