चण्यांविना लदीन

मे महिन्यात आमच्या वाडीत, समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवरच्या दगडी क्रुसासमोर, संध्याकाळी लदीन होते. सगळ्यांनी मिळून गाऊन म्हणायची ही प्रार्थना. दररोज एका घराची पाळी. ते घर क्रुसाला हार घालतं, मेणबत्त्या लावतं आणि शेवटी खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडलेले चणे वाटतं.

मी वाडीतल्या मुलांची रविवारच्या धर्मशिक्षणाची टीचर. जीभ तिखट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लदीन चालू असताना मुलांचे डोळे चण्यांच्या टोपावर असायचे. अर्धी तर शेवटच्या कडव्यालाच उगवायची. माझं डोकं फिरायचं. त्यातच फादर म्हणाले, "टीचर, वाडीत माणसं उरली नाहीत. मुंबईला गेली, गोव्याला गेली. मुलंही मनापासून येत नसतील, तर पुढच्या वर्षीपासून लदीन चर्चमध्येच करू." ते मला फार लागलं. लग्न होऊन आले तेव्हा या वाडीची आणि माझी ओळख त्याच क्रुसासमोर झाली होती.

त्या रविवारी धडा होता, देवाजवळ कशासाठी जायचं. लोकांनी बघावं म्हणून, काही मिळावं म्हणून, की तो आपला आहे म्हणून? मी विचारलं, "तुम्ही लदीनला कशाला येता?"

"प्रार्थनेसाठी!" अख्खा वर्ग एका सुरात खोटं बोलला.

किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्याची एक मुलगी तेवढी म्हणाली, "टीचर, मी चण्यांसाठी येतंय."

पोरं खिदळली आणि मी भडकले. "बुधवारी आमची पाळी आहे. चणे मिळणार नाहीत. बघूच कोण येतं ते!"

घरी सासूने कपाळावर हात मारला. "चणे नाय? गो, वाडीत आमचा नाक कापतलंस तू!"

"कापू दे," मी म्हटलं खरं. पण बुधवारी फादर येणार होते. मुलं आली नाहीत, तर क्रुसासमोरची लदीन मी माझ्याच हाताने बंद पाडणार होते.

बुधवारी हार घातला, मेणबत्त्या लावल्या. वारा विझवत होता, मी पुन्हा लावत होते. फादर आले, शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. फादरांकडे बघायची माझी हिंमत होईना.

मग माडांमागून गलका ऐकू आला. सगळी पोरं, आणि पुढे तीच, धाकट्या भावाला कडेवर घेऊन.

"आज चणे नाहीत, माहीत आहे ना?" मी बजावलं.

"म्हायत आसा," ती म्हणाली. "सुरू करूया मां?"

आणि काय गायली पोरं! किनाऱ्यावर जाळी आवरणारे हिंदू शेजारी हात जोडून थांबले. त्यांच्याकडे बघता बघता मी गायची थांबले तेव्हा पुढची ओळ तिने उचलली. शेवटच्या कडव्यालाही कुणी घाई केली नाही. मी हरले होते, आणि आनंदाने रडत होते.

लदीन संपली तशी सासू घरातून टोप घेऊन आली. "हात फुडे करा रे! हे चणे टीचरचे नाय, माजे आसत."

पोरांनी एकच दंगा केला. फादरांनीही ओंजळ पुढे केली. "पुढच्या वर्षीही इथेच, टीचर," ते म्हणाले.

मी त्या मुलीला गाठलं. "खरं सांग, चणे नसताना का आलीस?"

"पयलां चण्यांसाठीच येय होतंय," ती म्हणाली. "पण येता येता लदीन पाठ झाली. आता ती म्हणूक नाय गावली, तर माका चुकल्यासारख्या वाटता." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुमी कित्याक येतास?"

फादर ऐकत होते, सासू ऐकत होती.

"तुमच्यावर लक्ष ठेवायला यायचे," मी म्हटलं. "आज लदीनसाठी आले."

"मगे घेवा," असं म्हणत तिने आपल्या ओंजळीतले चणे माझ्या हातावर ठेवले.