घोळका पुढे गेल्यावर

रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसून तिचं अर्धं आयुष्य गेलं. रक्त कुठे तपासतात, मोठे डॉक्टर आले का, लिफ्ट का बंद आहे, आत नेलेल्या माणसाला कधी बाहेर आणतील. काचेच्या गोल भोकातून प्रश्न येत राहायचे आणि ती उत्तरं देत राहायची. घरी पाऊल टाकलं की खाटेवरून सासरे विचारायचे, "कोण आलं?" पाणी द्यायला गेली तरी तेच. ती म्हणायची, "मीच आहे, बाबा."

तिला डोंगरावर ओढून नेलं ते धाकट्या जावेनं. जाऊ त्याच रुग्णालयाच्या धुलाई विभागात होती आणि तिच्या अंगात भलताच उत्साह. कर्मचाऱ्यांचा एक गट अधूनमधून डोंगर चढायला जायचा. "ताई, चला हो. निदान दोन दिवस भांडी तरी घासावी लागणार नाहीत," जाऊ म्हणाली. सासऱ्यांकडे बघायला दीर राहिला, आणि ही गेली. मग जातच राहिली.

गटाचा सूत्रधार होता औषधांच्या खिडकीवरचा फार्मसिस्ट. त्याचे विनोद जेवणाआधी एक आणि जेवणानंतर दोन असे ठरलेले, म्हणून सगळे त्याला डोस म्हणायचे. ही चढताना नेहमी मागे पडायची. गुडघे कुरकुरायचे, शिवाय झोप कायमची अपुरी. बाकीचे कधीचे वर पोहोचून बूट काढून बसलेले असायचे, तेव्हा ही वळणावर दिसायची आणि डोस ओरडायचा, "आली शेपूट! आता जनावर पूर्ण झालं!" सगळे हसायचे. तीही हसायची, रागवायलाही अंगात जोर लागतो.

मागे राहण्यातलं एक गुपित मात्र तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. घोळका गाणी म्हणत, एकमेकांची टर उडवत पुढे निघून जायचा. आवाज विरला की जंगल हळूच पुन्हा आपल्या कामाला लागायचं. एकदा कोल्हा पायवाटेवर येऊन उभा राहिला, अंग झाडलं आणि निघून गेला. एकदा रानडुकरीण पिलांची रांग घेऊन समोरून गेली. एकदा मोठं घुबड भर दुपारी फांदीवर डुलक्या घेताना दिसलं, आणि तिला त्याचा हेवा वाटला.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की प्रश्न येणार. कुठे दिसलं, केवढं होतं, फोटो का नाही काढला? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

अस्वल दिसलं त्या दिवशी मात्र गप्प बसणं जमण्यासारखं नव्हतं. दुपार कलत आली होती. ती बुटाची नाडी बांधायला दगडावर टेकली आणि झुडपं हलली. काळं, थोराड अस्वल वाटेवर आलं. तिच्या अंगात पळायचं त्राणच नव्हतं. अस्वलानं नाक वर करून हवा हुंगली, तिच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. मग चढावर, ज्या बाजूला घोळका गेला होता, तिकडेच झाडीत शिरलं.

ते लांब जाईपर्यंत ती हलली नाही. मग भीत भीत वर पोहोचली, तर सपाटीवर तंबूंच्या खुंट्या ठोकणं चाललेलं.

"आली शेपूट!" डोस ओरडला.

"इथे तंबू लावायचे नाहीत," ती म्हणाली. "अस्वल आहे. याच बाजूला आलंय."

हशा पिकला. "त्यानं काय विचारलं हो, शेपूटबाई? एक्स-रे कुठे काढतात?" डोसनं डोळे पुसले. "मग सांगितलं ना, तळमजला, डावीकडे?"

ती हसली नाही. खिडकीत रडणाऱ्या माणसाशी बोलावं तशा संथ, सपाट आवाजात म्हणाली, "सामान उचला. खाली चला."

जाऊ तिच्या तोंडाकडे बघत होती. समोरची खुंटी तिनं उपटली. "मी ताईंना रोज घरात बघते. त्यांना थट्टा करायचीसुद्धा ताकद नसते. चला!"

कुरकुरत, दमलेल्या पायांनी सगळे खाली वनखात्याच्या चौकीपाशी उतरले. अस्वल काही कुणाला दिसलं नाही. पावलांचे ठसेही कुणी बघितले नाहीत. सूप पिताना कुणीतरी विचारलं, "आधी कधी काही दिसलं होतं का?" तिनं कोल्हा सांगितला, डुकरीण सांगितली, घुबड सांगितलं.

डोसचा चेहरा पडला. "इतकी वर्षं येतोय, मला एक ससा दिसला नाही. आणि तुम्हाला अख्खं जंगल?"

"तुम्ही बोलत होता ना," ती म्हणाली.

त्या दिवशी जेवणानंतरचे दोन्ही विनोद राहून गेले.

पुढच्या खेपेला सगळ्यांनी गप्प चालायचं ठरवलं. पहिल्या वळणापर्यंत जमलं. मग कुणाला तरी शिंक आली, डोस म्हणाला, "हेच ते अस्वल!" आणि पुन्हा गोंधळ सुरू झाला. ती आपली हळूहळू मागे सरकली. थोड्या वेळानं बघते तर डोस वाटेच्या कडेला तिची वाट बघत उभा.

"तुमच्याबरोबर येऊ का? बोलणार नाही."

"या."

दोघं चालत राहिले. त्याचे ओठ मधूनच हलायचे आणि मिटायचे. पुढे एका झाडाखाली ती टेकली, तोही टेकला. समोरची वाट मोकळीच राहिली. कोल्हा नाही, डुक्कर नाही, साधी खारसुद्धा नाही. तिनं वळून पाहिलं तर डोस पिशवीला टेकून गाढ झोपला होता, तोंड उघडं, कपाळावर एक मुंगी चालत होती. विनोदाशिवाय त्याचा चेहरा बराच थकलेला आणि वयस्कर दिसत होता.

वरून जावेच्या हाका येत होत्या. तिनं उत्तर दिलं नाही. मुंगी अलगद झटकली आणि त्याला झोपू दिलं.