नळीतली मोहरी

आमटीचा थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे आणि एक बोट वर करायचं. मग वरमाईनंही बोलायचं नाही. "थांबा, पोटाला विचारायलोय," एवढंच तो म्हणायचा. असा आचारी तुम्हीही पाहिला असेल. आमच्या जिंतूरचा जरा जास्तच होता.

माझं त्याच्याशी वाकडं होतं, हे आधीच सांगतो. पाठीवर पोती वाहून मी भुसाराचं दुकान उभं केलं. आणि या माणसानं भर पंगतीत, हातात पळी धरून सांगितलं, "शेटचा काटा उपाशी न्हाई ऱ्हात. पोत्यापोत्यातून घास घेतो." पंगत हसली. मी ताटावरून उठलो आणि तीन वर्षं त्याच्याशी बोललो नाही.

मग त्याला तोंडाचा कॅन्सर झाला. गालात तंबाखू धरूनच तो जन्मभर आमट्या चाखत आला होता. ऑपरेशन झालं, नाकातून पोटात नळी बसली. आता किरणांचे शेक द्यायचे होते. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी बजावलं होतं, "वजन अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर शेक लांबतील."

एका सकाळी तो माझ्या दुकानात उभा. नळीचं टोक सुताराच्या पेन्सिलीसारखं कानावर खोचलेलं.

"वजन करा, शेट."

"माझ्या काट्यावर? तो घास घेतो ना?"

"म्हणून तर आलो," तो उरलेल्या जबड्यातून म्हणाला. "हितं अठ्ठेचाळीस भरलं की दवाखान्यात पन्नास."

माणूस मरणाशी घासाघीस करतो आणि त्यातही माझी इज्जत काढतो. संताप आला, पण तोललं. मग तो रोजच यायला लागला.

मूग, तांदूळ, दूध, अंडं असं शिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून नळीत सोडायचं आणि वर कोमट पाणी, असं मॅडमनी लिहून दिलं होतं. याचं म्हणणं, फोडणीबिगर अन्न पोटाला वळखू येत नाही. बायको म्हणायची, "जिभंला लागत न्हाई, फोडणी कुणासाठी?" ती चार दिवस सोनपेठला माहेरी गेली आणि यानं मुगाच्या पाण्याला स्वतः फोडणी दिली. गाळलं नाही. मोहरी नळीत अडकली. मॅडम रागावतील म्हणून दोन दिवस कुणाला सांगितलंही नाही. उपाशी राहिला.

तिसऱ्या दिवशी काटा सत्तेचाळीसवर थांबला.

"खिशातला नारळ काढ," मी ओरडलो.

त्यानं काढला. साडेशेहेचाळीस.

तो सोयाबीनच्या पोत्यावर बसला आणि मोहरीचं सगळं सांगितलं. "शेक लांबले तर रोग पुन्हा वाढंल म्हणले हायत. आता काय तोंड घेऊन जाऊ? न्हाई जात मी."

दुकानात चार शेतकरी माल घेऊन उभे होते. मी त्यांच्यादेखत म्हणालो, "अरे, काटा घास घेतो. दीड किलो. तू म्हणत होतास ते खरंय. ऊठ, बस गाठ."

"मला म्हाईत होतं," तो म्हणाला आणि उठला.

दवाखान्यातही साडेशेहेचाळीसच भरलं. ते मला त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. मॅडमनी नळी बदलली, दाखल करून घेतलं, नळीतूनच पुन्हा माणूस भरला. शेक थोडे लांबले, पण पुरे झाले. आणि हा अख्ख्या वॉर्डात सांगत सुटला, "आमच्या शेटनं सोता कबूल केलं."

तो परत आल्यावर मी विचारलं, "दवाखान्यात किती भरलं होतं रे?"

"इसरलो, शेट."

त्यानंतर दोन वर्षं काढली त्यानं. दर वेळी विचारलं, दर वेळी विसरलेला. आता शेतकरी माल तोलताना म्हणतात, "शेट, दीड किलो धरा." मी भांडतो. काटा खरा आहे म्हणून शपथा घेतो. कुणी ऐकत नाही. सबंध जिल्ह्यात माझ्या काट्याला एकच साक्षीदार होता, दोन्हीकडं तोललेला, आणि तो गेल्या वैशाखात गेला.