उतारावरचा निळा धूर

वडिलांच्या जुन्या गाडीत आई कधी पुढं बसली नाही. बसायची मागे, आणि घाटाचा उतार लागला की पाठमोरी. दरी बघायची तिला भीती वाटते, म्हणून सीटवर गुडघे टेकून ती मागच्या काचेतून सुटलेला रस्ता बघत राहायची. वडील आरशातून बघत दर वेळी तेच विचारायचे, “काय गं, जत दिसतंय व्हय?” जत म्हणजे तिचं माहेर. तीही दर वेळी तेच म्हणायची, “दिसतंय की.” लहानपणी मला या चेष्टेचा भारी कंटाळा यायचा.

वडील लष्कराच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधलं. गाडी त्यानंतर घेतली, तेव्हाही ती जुनीच होती. गिअरची दांडी स्टिअरिंगला, पुढची सीट सलग, दार एवढं रुंद की पोतं घेऊन आत जावं. तिला त्यांनी कधी परक्याचा हात लावू दिला नाही. अंगणात बॉनेट उघडायचं, आईनं शेजारी पाट टाकून बसायचं आणि मागितलं ते हातात द्यायचं. पुढं पुढं तर त्यांना मागावंही लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. बोलण्यातले ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ एवढे दोनच शब्द उरले, तेही अदलाबदल होऊन येत. दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांना बसवायचं म्हणजे दोघांनी उचलावं लागे, आणि ते त्यांना अपमानाचं वाटे. या गाडीत मात्र ते स्वतःचे स्वतः सरकून बसत. रविवारी मी त्यांना यवतेश्वरच्या घाटातून वर नेऊन आणायचो, आई नेहमीसारखी मागे. सगळा आठवडा ते त्या रविवारावर काढत.

आणि नेमका यंदा गाडीनं धूर सोडायला सुरुवात केली. निळा, डोळ्याला झोंबणारा. नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी आठ दिवसांवर आली होती. धुराची गाडी पास होणार नाही, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. दोन गॅरेजवाल्यांना दाखवली. दोघांनीही अंगणात उभी असतानाच रेस करून बघितली आणि इंजिन पूर्ण उतरवावं लागेल, महिना तरी जाईल, असं सांगितलं. मी तापट माणूस. वैतागून भंगारवाल्याशी बोललो आणि संध्याकाळी चहाच्या वेळी वडिलांसमोरच ते जाहीर केलं. वडिलांनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “चढाला धूर येत न्हाई. उतारालाच येतुय. आन सकाळी चालू केली की एकदम भसकन येतुय, मग थांबतुय. मी मागंच बघत असती की रं.” मग वडिलांकडं वळून म्हणाली, “आवं, ह्ये वरच्या टोप्यांचं काम हाय न्हवं?”

वडील मोठ्यानं ‘न्हाई’ म्हणाले आणि मान मात्र जोरजोरात होकारार्थी हलवली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. इंजिनाची आकृती रंगीत खडूनं फळ्यावर काढतो. तरी आईनं सांगितलेलं मला आधी कळलं नाही, मग कळलं तेव्हा लाज वाटली. व्हॉल्वच्या दांड्यांवर रबराच्या लहान टोप्या असतात. त्या कडक झाल्या की वरचं ऑइल आत झिरपतं. रात्रभर झिरपलेलं सकाळी जळतं, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन आणखी ओढून घेतं. इंजिन उतरवायची गरजच नव्हती. दोघं कारागीर जे चूक सांगून गेले ते तिनं घाबरून मागं बघताना बरोबर हेरलं होतं.

टोप्या कराडच्या एका दुकानात मिळाल्या. शनिवारी सकाळी वडिलांची खुर्ची बॉनेटजवळ मांडली, काठी त्यांच्या डाव्या हातात दिली. आईनं पदर खोचला आणि स्वयंपाकघरातून मसाल्याचा डबा रिकामा करून आणला. प्रत्येक व्हॉल्वचं सामान वेगळ्या वाटीत राहायला हवं. वाट्या सात, व्हॉल्व आठ, म्हणून देवघरातली नैवेद्याची वाटीही आली. मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं.

पद्धत वडिलांचीच. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून सुती दोरी सिलिंडरमध्ये सोडायची. पुढून हँडलनं इंजिन हळू फिरवलं की पिस्टन वर येतो आणि दोरी व्हॉल्वना खालून आधार देते. मग वरची स्प्रिंग दाबून काढली तरी व्हॉल्व आत पडत नाही. पडला तर मात्र सगळं इंजिन उघडायचं, म्हणजे तपासणी गेली आणि गाडीही. हँडल माझ्याकडं होतं. आई स्प्रिंग दाबून तिला अडवणाऱ्या तांदळाएवढ्या खिळी चिमट्यानं उचलायची आणि वाटीत टाकायची. ब्लाउजला हुक लावावेत इतक्या सहज. काठी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की पुढं. कित्येक दिवसांनी वडिलांचं कुणीतरी ऐकत होतं.

एका सिलिंडरला दोन व्हॉल्व, त्यांचं झालं की दोरी पुढच्यात. पाच टोप्या झाल्या. सहाव्या व्हॉल्वची स्प्रिंग आईच्या हातात होती आणि मला वाटलं, हे सिलिंडर संपलं. मी हँडल उलटं फिरवलं आणि दोरी ओढायला लागलो. वडिलांना ‘थांब’ म्हणता येईना. त्यांनी काठी पत्र्याच्या बादलीवर अशी आपटली की माझा हात जागीच थिजला. आईनं स्प्रिंग टाकून दिली होती आणि खाली निसटणारी व्हॉल्वची दांडी दोन बोटांत पकडली होती. ऑइलनं बोटं सरकत होती, म्हणून दुसऱ्या हातानं तिनं पदराचं टोक दांडीभोवती गुंडाळलं.

“घाई करू नगंस,” ती म्हणाली. “दोरी आत सोड. मी धरलंय.”

दोरी आत जाईना, गुंता झाला, पुन्हा काढली, पुन्हा सोडली. तेवढा वेळ ती गुडघेदुखीची बाई वाकून उभी होती. एकदाही ‘कर लवकर’ म्हणाली नाही. शेवटी हँडल जड झालं, काठी दोनदा वाजली, आणि तिनं बोटं सोडली. बोटांवर दांडीचा खोल वळ उठला होता. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की आमची गाडी वडिलांनी राखली.

रविवारी तिघं घाट चढून वर गेलो आणि परत फिरलो. उतार लागला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. आई सीटवर पाठमोरी झाली, काच पुसल्याचा आवाज आला. मागं काय आहे ते विचारायचा मला धीर होईना. वळणांमागून वळणं गेली.

तपासणीत गाडी पास झाली हे सांगायला हवं, म्हणून सांगतो. पण मला तो दिवस नीट आठवतही नाही. आठवतं ते घाटातलं शेवटचं वळण. आई म्हणाली, “रस्ता पार वरपर्यंत दिसतुय.” वडिलांनी मान उचलून आरशात बघितलं. त्यांचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले.

“जत?” ते म्हणाले.

मला पुढचं दिसेना. मी गाडी कडेला घेतली.

“दिसतंय की,” आई म्हणाली.