कौतिकमायचा ओटा

कौतिकमाय कुणाच्याही दारात उभी राहिली की आधी आतल्या बाईचं नाव विचारायची. "पांडूची बायको," असं उत्तर आलं की म्हणायची, "त्याची बायको हायेस हे म्या तुह्या लग्नात जेवून पाह्यलं. तुले काय म्हनतेत?"

वडनेरात आमच्या घरामागे तिचा वांग्याचा मळा होता. देशाच्या पहिल्याच निवडणुकीत ती मत द्यायला गेली, तर यादीत नावच नाही. गावातल्या कितीतरी बायका 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशाच लिहिलेल्या. ती सगळी नावं कटली होती. उन्हातून परत आली ती ठरवूनच. "पुढच्या खेपेले एक बाई सुटू देनार नाही!"

नवी यादी करायला शाळेतले मास्तर घरोघर फिरले, तेव्हा पेच पडला. बायका स्वतःचं नाव कसंबसं सांगत, पण नवऱ्याचं? ते तोंडाने घ्यायचंच नसे. पुरुष शेतात, मास्तर दारात, बायका पदराआड. आणि यादी तर दोन दिवसांत तहसिलीत जायची.

"नवऱ्याचं नाव बायका कवा घेतेत?" कौतिकमायने माझ्या सासूबाईंना विचारलं, आणि उत्तरही तिनेच दिलं, "हळदीकुंकवाले!"

संक्रांत नुकतीच झाली होती. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बायका जमल्या. मास्तर बाहेर ओट्यावर बसले, शेजारी कौतिकमाय. विधवेला कुंकवाला आत कोण घेणार? आतून उखाणा आला की ती त्यातलं नाव मोठ्यांदा सांगायची, मास्तर लिहायचे.

माझी पाळी आली. मी सातवी पास, गावभर मिरवणारी. "तीळ घातले गुळात, गूळ घातला ताटात..." म्हटलं आणि फिस्सकन हसले. पुन्हा तिळापासून सुरुवात. पुन्हा पदर तोंडात. अशी शहाणी!

बाहेरून आवाज आला, "अवं, नाव घे ना बाई! मास्तरची दौत सुकून राह्यली!"

घाबरून मी नुसतंच "भास्करराव!" ओरडले. उखाणा अजून ताटातच आहे.

सगळ्या बायका झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "आणि माय, तुमचं?"

"लिवा, कौतिकाबाई." दिवसभर दुसऱ्यांचे नवरे खणखणीत सांगणारा आवाज खाली आला. "संपत. जिते होते तवा एकदाबी नाव नाही घेतलं म्या. आता यादीत तरी संगं राहू."

त्या निवडणुकीत रांगेत ती सगळ्यांच्या पुढे होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती वारली; तोवर माझ्याही घरात सून आली होती. यादीवाला तिचं नाव कमी करायला आला. "कौतिकाबाई, नवऱ्याचं नाव?" गल्लीत कुणालाच आठवेना. त्याच ओट्यावर बसून मी सांगितलं, "संपत." उखाण्याशिवाय, न हसता.

त्याने रेघ मारली. मी आत हाक दिली, "सूनबाई, चहा राहू दे. आधी तुहं नाव सांगाले ये."